पाच हजार मिलिमीटर पाऊस, तरी माथा उघडा: कोयनेचं जंगल कसं वाचायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा गट हिवाळ्यात बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्यावर जाऊन आला. पायथ्याशी किर्र झाडी लागली, वर चढत गेल्यावर कारवी, मग गवत, आणि माथ्यावर उघडा कातळ. आजूबाजूच्या डोंगरांचे माथेही तसेच बोडके दिसले. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे झाडं एवढी बुटकी का? माथे उघडे का? ही जुन्या तोडीची खूण आहे का? आणि असेल तर येत्या पावसाळ्यात परवानगी काढून तिथे रोपं लावावीत का? शिवाय इथली झाडं ओळखायला सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारलं आहे.

रोपांचं आधी सांगून टाकतो: माथ्यावर एकही लावू नका. अभयारण्यात तशी परवानगी सहजी मिळणारही नाही, पण मिळाली तरी लावू नका. तुम्ही ज्याला उजाड म्हणताय तो बराचसा भाग उजाड झालेला नाही, तो मुळातच तसा आहे, आणि तिथे वाढणारं बरंचसं दुसरीकडे सहसा वाढत नाही. माणसाच्या हाताने खरोखर मोडलेला भाग वेगळा आहे. तो खाली, पाण्याच्या जवळ आहे, तुम्ही त्यातून चालत गेलात, आणि माझी खात्री आहे की तुम्हाला तो जंगलच वाटला.

हे नीट समजायला पाऊस आणि खडक दोन्ही बघावे लागतात. पावसाच्या आकड्याने लोक फसतात. कोयनानगरचा पाच हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. ऑक्टोबरात परतीच्या काही सरी, आणि मग नोव्हेंबरपासून मेपर्यंत फारसं काही नाही. झाड वर्षाच्या बेरजेवर जगत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुळाशी काय उरलंय, त्यावर जगतं. जुलैमध्ये आणखी हजार मिलिमीटर जास्त पडला, तरी तो ओढ्यांनी कोयनेत नाहीतर कड्यावरून कोकणात जायचा. झाडाला त्याचा उपयोग नाही.

केरळात याच डोंगररांगेवर काही ठिकाणी आपल्यापेक्षा कमी पाऊस पडतो. पण तिथे उन्हाळी वळीव, नैऋत्य मोसमी आणि मग परतीचा असा तो पसरलेला असतो. कोरडे महिने दोन-चारच. म्हणून तिथे तीस-चाळीस मीटरचे वृक्ष उभे राहतात. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पश्चिम घाटाचे वनस्पती-नकाशे तयार केले आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरडे महिने वाढत जातात, तसतशा सदाहरित जाती एकेक करून मागे राहतात, हे त्यांत स्वच्छ दिसतं. आपल्याकडे उरतात ते सात महिने तहान काढू शकणारे. कोयना, महाबळेश्वर, भीमाशंकर इथल्या माथ्यालगतच्या जंगलाला अभ्यासक तीन झाडांवरून ओळखतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. तिन्ही सदाहरित, तिन्हींची पानं जाड, आणि तिन्ही फार उंच जात नाहीत. उतारावर दहा-पंधरा मीटर, घळीत त्याहून थोडी जास्त. कड्याच्या तोंडाशी, जिथे पावसाळाभर कोकणातून वर चढणारा वारा थोबाडीत मारल्यासारखा लागतो, तिथे तीच अंजनी डोक्याएवढीच राहते. ती तोडलेली नाही. तिचं वयही कमी नाही. वाऱ्याने तिला वर येऊच दिलेलं नाही.

पूर्वेकडे गेलात की पाऊस किती झपाट्याने उतरतो, हेही लक्षात ठेवा. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि जेमतेम वीस किलोमीटरवर पाचगणीत दोन हजारांच्या आत. त्यामुळे एकाच डोंगराच्या पश्चिम उतारावर अंजनी-जांभूळ, आणि पाठीमागच्या सोंडेवर ऐन, आसाणा, कुंभा अशी पानगळी झाडं, असं चित्र अनेकदा दिसतं. मार्चमध्ये गेलात तर ही रेघ नुसत्या डोळ्यांना कळते: अलीकडे हिरवं, पलीकडे करडं.

आता खडक. माझ्या मते या जंगलाची खरी किल्ली इथेच आहे, आणि झाडं बघायला येणारे नेमकं तिकडेच दुर्लक्ष करतात.

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे एकावर एक चढलेले थर. प्रत्येक थराचा काही भाग घट्ट, एकसंध असतो. काही भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला, लवकर झिजणारा. घट्ट भागाचा कडा होतो, पोकळ भागाचा उतार. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दोन थरांच्या सांध्यात पुष्कळ ठिकाणी लालभडक चिकण मातीचा पातळ पट्टा असतो. घाटरस्ता खोदलेल्या ठिकाणी तुम्ही तो नक्की पाहिला असेल. वरच्या कातळाच्या फटींतून झिरपलेलं पाणी या चिकण पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या पोटातून बाहेर येतं. उन्हाळ्यातही जिवंत राहणारे झरे बहुतेक अशाच सांध्यांवर सापडतात.

जंगल या पाण्याच्या मागोमाग जातं. कड्याच्या पायथ्याशी वरून घसरलेली माती साठते, तिथेच झिरपाही असतो, सावलीही असते. तिथे दाट सदाहरित झाडी. त्याच्या वर उभा कडा, त्यावर काहीच नाही. त्याच्यावर पुन्हा उतार, पुन्हा झाडी. एप्रिलच्या सकाळी लाँचमधून पश्चिमेकडच्या भिंतीकडे बघा. झाडीचे आडवे पट्टे दिसतील, उभे फक्त घळींत. तोड झालेली असती तर ती वाटेच्या, गावाच्या, पाण्याच्या सोयीने झालेली दिसली असती, लाव्ह्याच्या थरांच्या रेघेत नाही. एखादा उघडा भाग नैसर्गिक की मोडलेला, हे ठरवताना मी सगळ्यात आधी हेच बघतो: उघड्या भागाची कडा खडकाच्या रेघेला धरून आहे, की माणसाच्या सोयीला?

माथ्यावरचा सडा, म्हणजे सपाट, उघडं खडकाळ पठार, ही तर वेगळीच गोष्ट. वासोट्याचा माथा तसा लहान आहे. सडा म्हणजे काय ते बघायचं तर चांदोलीतला झोळंबीचा सडा किंवा साताऱ्याजवळचं कास. कास सुमारे १२०० मीटरवर आहे. अशा सड्यांवर बेसाल्ट लाखो वर्षं कुजत-धुपत जाऊन वर लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेलं जांभ्याचं कडक कवच उरलेलं असतं. माती कुठे दोन बोटं, कुठे वीतभर, बऱ्याच ठिकाणी अजिबात नाही. जी आहे ती आम्लधर्मी आणि नत्र-स्फुरदाने अगदी गरीब. पावसाळ्यात पाणी खाली मुरत नाही, त्यामुळे चार महिने सगळं चिंब, साचलेलं. मे महिन्यात हाच खडक हात ठेववत नाही इतका तापतो. चार महिने दलदल आणि उरलेले महिने तवा, हे झाडाला झेपत नाही. म्हणजे इथलं झाड कुणी तोडलेलं नाही, ते इथे कधी नव्हतंच.

जे इथे झेपतं ते हिवाळ्यात दिसत नाही. तुम्हाला काळा खडक आणि वाळकं गवत दिसलं, कारण बाकी सगळं त्या वेळी कंदात किंवा बीमध्ये गेलेलं होतं. ऑगस्टच्या शेवटी त्याच सड्यावर गुडघे टेकून बसा. जिथे पाण्याचा पातळ पापुद्रा खडकावरून सरकतोय तिथे सीतेची आसवं दिसतील: बोटभर दांडी, वर निळसर जांभळं फूल, आणि मुळं नाहीतच. मुळांच्या जागी धाग्यांसारखे भाग, त्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. पिशवीचं दार आतून मिटलेलं असतं. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराजवळच्या केसाला लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार मिटतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मातीत नत्र नाही म्हणून हा उद्योग. शेजारीच दवबिंदू, त्याच्या पानांच्या केसांवर चिकट थेंब, बहुतेक वेळा एखादं चिलट अडकलेलं. थोडं पाणी साचून राहतं तिथे गेंदाची पांढरी बटणं, आणि खोलगट डबक्यांत वायतुरा. वायतुऱ्याचा कंद उन्हाळाभर सुकलेल्या चिखलात पडून असतो. पाऊस आला की पानं वर येतात आणि मग एका दांडीवर दोन फाट्यांचा तुरा. ही जात फक्त आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर सापडते आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

आता या सड्यावर दोन बाय दोन फुटांचा खड्डा खणून त्यात पोयट्याची माती आणि रोप घातलं, तर काय होतं? रोप बहुतेक दुसऱ्या उन्हाळ्यात मरतं. ते मेलं तरी खड्डा राहतो. कवच फुटतं, पाणी वेगळ्या वाटेने निघून जातं, आणि त्या पाण्याच्या पापुद्र्यावर जगणारी आसवं-गेंदाची पट्टी सुकते. बाहेरून आणलेल्या मातीतून रानमोडी-गाजरगवत अशा तणांचं बी येतं ते निराळंच. आणि रोप जगलं तर जास्तच वाईट, कारण सड्यावर जगतात ती ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी अशीच झाडं, आणि त्यांच्या पालापाचोळ्याखाली उघड्या उन्हाला सवयलेली ही बारकी झाडं तग धरत नाहीत. झाडं लावण्याचा उत्साह चांगला, पण हिरवा रंग कमी दिसला की खड्डे मारायचे ही खोड मला मनापासून नकोशी वाटते. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागा त्यात आल्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कास त्यात जंगलासाठी नाही, या उघड्या सड्यासाठीच आहे.

मग मोडलेला भाग कुठला? वासोट्याच्या वाटेवर परत खालून सुरुवात करू.

शिवसागराचं पाणी भरल्यावर ६५९ मीटरच्या आसपास असतं, वासोट्याचा माथा ११७१ मीटर. म्हणजे तुम्ही सुमारे पाचशे मीटर चढलात. लाँचमधून उतरल्यावर आधी लागते ती लाल-करडी उघडी पट्टी. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, त्यामुळे तिथे काही टिकत नाही. कोयनेचं धरण १९६० च्या दशकात झालं, पाणी अडलं आणि खोऱ्याचा सगळा तळ, म्हणजे उत्तम मातीचा, सपाट, पाणथळ भाग बुडाला. आज आपण कोयनेचं जंगल म्हणतो ते फक्त त्याच्या वरचे उतार आहेत. नदीकाठचं जंगल कसं होतं, त्याचा अंदाज आता घळींतल्या ओढ्यांवरून करायचा: पाण्यात पाय सोडून उभं वाळुंज, कडूकवठी, भेर्लीमाडाचे माशाच्या शेपटीसारखे पानांचे तुकडे.

उघड्या पट्टीच्या वर जो भाग लागतो तो नीट बघा. झाडं विरळ, एकाच उंचीची. करवंद, तोरण, गेळा यांची काटेरी जाळी. मधेमधे कुंभा, चांदाडा, आवळा. एखादा जुना, पसरट आंबा किंवा फणस, ज्याच्या वयाचं दुसरं काहीच आसपास नाही. पायाखाली उतार एकसारखा नसून टप्प्याटप्प्याचा. टप्प्याच्या काठाला दगड रचलेले. कुठे झाडीत घराचं जोतं. ही शेतं होती. नाचणी, वरई, डोंगरउतारावरची कुमरी म्हणजे फिरती शेती, राबासाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) दरवर्षी झाडांचा टहाळ उतरवणं, हे इथे पिढ्यान् पिढ्या चाललेलं होतं. धरण झालं, मग १९८५ मध्ये अभयारण्य झालं, गावं उठली. चांदोलीतही तसंच, २०१० पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. उठलेल्या गावांच्या जमिनीवर जे उगवलं ते हे. पाहणाऱ्याला हिरवं दिसतं, म्हणून तो पुढे निघून जातो.

पण हेही सांगायला हवं की हा मोडलेला भाग स्वतःच भरून येतोय, आणि तुम्ही समजता त्यापेक्षा चांगला. करवंदाच्या जाळीत गुरं-सांबरं तोंड घालत नाहीत, म्हणून जाळीच्या आत जांभळाचं रोप वाढतं. बुलबुल, धनेश, उदमांजर वरच्या जंगलातून बी आणतात. चांदाडा दहा-पंधरा वर्षांत सावली धरतो आणि मग त्याच्याच सावलीत पिसा, अंजनी वर येतात. चांदाडा सावलीत उगवत नाही, म्हणून पुढच्या पिढीत तो आपोआप कमी होतो. ही चाल तुम्हाला त्या वाटेवर चालता चालता दिसते, कारण वाट जसजशी चढते तसतसं जंगल जुनं होत जातं. एका ठिकाणी अचानक गारवा लागतो, पायाखाली गवत संपून नुसता पालापाचोळा येतो, वेलींची खोडं मांडीएवढी होतात. गारंबीच्या शेंगा, हातभराहून लांब, डोक्यावर लोंबतात. तिथून पुढे जुनं जंगल. त्याला कुणी कधी शेतासाठी साफ केलं नसावं, कारण तिथे उतार फार आहे. कोयनेचं जंगल वाचलं त्यात आपल्या शहाणपणाचा वाटा किती आणि उताराचा किती, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

या जुन्या जंगलाच्या वर कारवी लागली ना, तिच्याबद्दलही लोक घाईने निष्कर्ष काढतात. जंगल विरळ झालं की कारवी माजते हे खरं आहे. पण कड्यालगतच्या तीव्र, वाऱ्याच्या उतारावर ती मुळातच राजरोस आहे आणि तिथली माती तिनेच धरून ठेवली आहे. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग डोंगरच्या डोंगर एकाच वर्षी फुलतो, बी धरतो आणि ती पिढी मरते. मुंबईजवळच्या डोंगरांवर २००८, २०१६ आणि २०२४ अशी ती फुलली. प्रत्येक डोंगराचं साल मात्र वेगळं. वाळलेली बोंडं उन्हाळाभर झाडावरच राहतात आणि पुढच्या पावसाची ओल लागली की तडतड फुटून बी उडवतात. त्या वर्षी उताराकडे पाहिलं तर मेलेल्या काठ्यांचं रान दिसतं आणि कुणीतरी तक्रार करतंच की वणवा लागून गेला. खाली वाकून बघा, काठ्यांच्या मुळाशी रोपांचा गालिचा असतो. त्या वाळलेल्या काठ्यांचे कूड, म्हणजे काठ्या विणून केलेल्या भिंती, पूर्वी घरोघरी होते.

झाडं ओळखायचं म्हणाल तर यादी पाठ करू नका. अभयारण्यात पान तोडणंही नियमात बसत नाही, तेव्हा हात न लावता ओळखायची सवय पहिल्यापासून लावा. चार झाडांवर डोळा बसवा, बाकी हळूहळू येतात.

अंजनीचं पान समोरासमोर, जाड, गर्द, तुकतुकीत; मधली शीर ठळक आणि बाजूच्या शिरा जवळपास दिसतच नाहीत. एवढ्यावर ती नव्वद टक्के वेळा ओळखू येते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर प्रश्नच नाही: फांदीच्या जुन्या, पानं नसलेल्या भागाला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. तो निळा आपल्या रानात दुसऱ्या झाडाला नाही. लाकूड इतकं कठीण की कुऱ्हाड उसळते.

जांभूळ तुम्हाला माहीत आहे, पण रानातलं जांभूळ पाहून लोक गोंधळतात, कारण कोवळी पानं तांबूस असतात. पान उन्हात धरल्यासारखं खालून बघा: कडेला समांतर जाणारी एक बारीक शीर सगळ्या पानाला फिरून येते.

पिसा ओळखायचा तो पानांच्या मांडणीवरून. फांदीच्या टोकाला पानं चक्रासारखी एकत्र, लांबट, आणि वाऱ्याने उलटली की खालची बाजू करडी-पांढुरकी. वसंतात टोकाला नवी पानं फुटतात ती मऊ, फिकट गुलाबी-तपकिरी, सुकल्यासारखी खाली लोंबणारी. दुरून बघणारा फुलं समजतो.

हिरडा यातला एकटाच पानगळी. देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी शोधा. झाडाखाली पाच कंगोऱ्यांची वाळलेली फळं बहुधा सापडतातच.

यांच्या सावलीत एक लहानसं, बेताचं दिसणारं झाड असतं, नरक्या. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. या एका कारणाने सह्याद्रीत त्याची बेसुमार चोरटी तोड झाली. कुठे दिसलं तर फोटो घ्या, पण जागेच्या खुणेसकट तो समाजमाध्यमावर टाकू नका. हीच विनंती कड्यांवरच्या आमऱ्या (ऑर्किड) आणि कंदिलपुष्पांबद्दल.

आणि वर बघायला विसरू नका. जुन्या जांभळाच्या बेचक्यात एक नेचा बसलेला असतो, बाशिंग. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. एक हिरवी, लांब, कापलेली. ती उन्हाळ्यात गळतात. दुसरी आखूड, तपकिरी, वाळक्या पानासारखी, खोडाला चिकटून वाटीसारखी उभी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मेलेली वाटतात. ती गळत नाहीत. वरून पडणारा पाचोळा, धूळ, किडामुंगीची विष्ठा त्या वाटीत साठते, कुजते, आणि नेच्याची मुळं त्याच मातीत पसरतात. झाडावर बसूनही तो झाडाचं काही घेत नाही. मे महिन्यात, आजूबाजूला सगळं कडकडीत असताना, त्या वाटीत ओल असते. दुर्बीण असेल तर पाच मिनिटं तिच्यावर धरा, मुंग्यांची ये-जा दिसेल.

तुमच्या गटाला काम करायचंच असेल तर ते त्या खालच्या, जुन्या शेतांच्या पट्ट्यात आहे. तिथेही रोपं लावण्याची गरज क्वचितच असते. बी वरच्या जंगलातून येतंच आहे. दोन गोष्टी त्याला अडवतात. एक म्हणजे वणवा. फेब्रुवारीपासून पुढे गवताळ टप्प्यांवर लागलेली आग करवंदाची जाळी आणि आतली जांभळाची रोपं एका दुपारी संपवते, आणि घड्याळ दहा वर्षं मागे जातं. वन खातं दर हिवाळ्यात जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे पट्टे करतं. माणसं कमी पडतात. परिक्षेत्र कार्यालयात जाऊन डिसेंबर-जानेवारीत हात लागतील का, असं विचारलंत तर बहुधा नाही म्हणणार नाहीत. दुसरी म्हणजे रानमोडी. ती नोव्हेंबरच्या सुमारास फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर जातं. तेव्हा ती कापून उपयोग नाही. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात, फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायची, आणि त्याच जागी पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा यायचं. एकदाच केलेलं काम वाया जातं, कारण जमिनीतलं बी पुन्हा उगवतं. उपटताना तिच्या बुंध्याशी लपलेलं पिसा-अंजनीचं रोप ओळखता आलं पाहिजे, म्हणून वर दिलेली पानं आधी डोळ्यांत बसवा.

वासोट्याची वाट पावसाळ्यात बंद असते. तेव्हा पुढची फेरी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा: अंजनी निळी, पिसा गुलाबी, पानगळी उतार करडे, आणि आडवे पट्टे सगळ्यात स्पष्ट. सड्यासाठी वेगळं, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आठवड्याच्या मधल्या दिवशी कासला जा. तिथे रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे, नोंदणी आधी करावी लागते. ठरलेल्या पायवाटेवरूनच चाला, कारण सीतेची आसवं नेमकी त्या ओल्या, सपाट, पाय ठेवावासा वाटणाऱ्या खडकावरच असतात.